'कटलस' : खलाशाच्या तलवारीचे नाव आणि कूळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आमच्या कामाकडे पाहून आम्ही बोनस, किमान वेतन किंवा कामगार कायदा यांपैकी कशावर तरी बोलू असे त्यांनी धरले असावे. आम्ही विषय कळविला तो एका तलवारीचा. आणि ती तलवारही आपल्याकडची धोप नव्हे, पट्टा नव्हे, तर इंग्रज खलाशाच्या हातातली 'कटलस'. चालकांपैकी एकाने विनयाने विचारले, "विषय हाच ना? छापायला देऊ?" आम्ही म्हटले, "खुशाल द्या." या शब्दाने गेली कित्येक वर्षे आमचा पिच्छा पुरविला आहे. आज तो आपल्यापुढे मांडून आम्ही मोकळे होऊ इच्छितो.

आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे, की इतिहासाचे प्राध्यापकही नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात घरचा पगार थांबला आणि आमची शाळाही तिथेच सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि रद्दीच्या दुकानातून वजनावर घेतलेल्या पुस्तकांवर. त्या रद्दीत एका जुन्या इंग्रजी कोशाचा पहिला अर्धा भाग आम्हांस मिळाला होता. 'एल' अक्षरापुढची पाने कोणीतरी पुड्या बांधायला नेली होती. 'सी' अक्षर मात्र सबंध शाबूत होते, म्हणून आजचे हे व्याख्यान. 'स्ट्राइक' हा शब्द त्या अर्ध्या कोशात नव्हता. तो आम्हांस अन्यत्र शिकावा लागला. त्याचाही प्रसंग पुढे येणार आहे.

प्रथम वस्तू काय ती पाहू. कटलस म्हणजे आखूड, रुंद, एका बाजूने धार असलेली तलवार. पाते कधी सरळ, कधी किंचित वाकडे. मुठीवर हाताचे रक्षण करणारी लोखंडी वाटी किंवा पत्रा. चाच्यांच्या चित्रांत दातांत धरलेली जी तलवार असते ती हीच. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने निघाली, आणि तेव्हापासून जगभरच्या मुलांच्या मनात कटलस म्हणजे चाच्याचे हत्यार असे समीकरण पक्के बसून गेले. आमच्याही मनात ते तसेच होते. परंतु शब्दाच्या मागे मागे जाऊ लागलो, तसा चाचा दूर राहिला आणि निराळीच माणसे दिसू लागली.

हा शब्द इंग्रजीत आला सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि आला तो फ्रेंचांकडून. फ्रेंचांचा शब्द 'कुतला'. त्याच्या पोटात 'सुरी' या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द 'कुटेल' आहे. तो आला लॅटिन 'कल्टेलस'वरून, म्हणजे 'लहान सुरी'. आणि 'कल्टेलस' हे 'कल्टर' या शब्दाचे लघुरूप. या 'कल्टर'चे रोमन माणसाच्या घरी दोन अर्थ होते. एक, सुरी : स्वयंपाकघरातली, खाटकाची, यज्ञात पशू मारण्याची. दुसरा, नांगराच्या फाळापुढे उभे लावलेले पाते, जे जमीन आधी चिरते आणि फाळाला वाट करून देते. आपल्या देशी नांगराला असे पाते नसते, म्हणून त्याला आपल्याकडे रुळलेले नाव नाही. इंग्रज शेतकरी त्याला आजही 'कोल्टर' म्हणतो.

तेव्हा या तलवारीचे मूळ घर रणांगण नव्हे. शेत आणि स्वयंपाकघर हे तिचे माहेर. तलवारींच्या नावांत राजांची, देवांची, गावांची नावे पुष्कळ सापडतात. मराठ्यांच्या 'फिरंग' या तलवारीचे नावच सांगते की तिचे पाते फिरंग्यांच्या मुलखातून समुद्रमार्गे आले. कटलस हे नाव मात्र सांगते की ही एक सुरी आहे, जरा मोठी झालेली.

'मोठी झालेली' असे आम्ही म्हणतो ते शब्दशः. मूळ 'कल्टर', तिला 'एलस' हा प्रत्यय लावून रोमनांनी लहान केले. मग त्या लहान सुरीला फ्रेंचांनी 'आस' हा मोठेपणाचा प्रत्यय लावून पुन्हा मोठे केले. इटालियन लोकांनीही आपल्या 'कोल्तेल्लो'ला असाच प्रत्यय लावून 'कोल्तेल्लाच्चो' केला. एकाच शब्दावर आधी लहान करणारा आणि मग मोठा करणारा असे दोन प्रत्यय बसले. हे ऐकून आपणांस नवल वाटेल. पण मराठी माणसाला तरी नवल वाटण्याचे कारण नाही. आपण हेच काम प्रत्ययाऐवजी लिंगाने करतो. सुरी आणि सुरा, विळी आणि विळा, कोयती आणि कोयता. हत्यार बायकी केले की लहान, पुरुषी केले की मोठे. यात आपल्या समाजाविषयी काय कळते ते आपण आपल्या घरी विचारून पाहावे. आम्ही येथे एवढेच म्हणतो की, फ्रेंच 'कुतला' म्हणजे आपला 'सुरा'. कोशकारांनी 'आखूड तलवार' असा अर्थ दिला आहे, तो आकाराला बरोबर आहे. परंतु ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या डोळ्यांपुढे आखडलेली तलवार नव्हती, वाढलेली सुरी होती.

या घराण्यातला एक शब्द आपल्या बाजारपेठेत दुकानाच्या पाटीवर बसलेला आहे. सुऱ्या करणारा तो 'कटलर' आणि त्याचा माल ती 'कटलरी'. इंग्लंडात शेफिल्ड हे या धंद्याचे गाव. तेथील कटलरांच्या मंडळाला १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडे येता येता त्या शब्दाने आपला माल बदलला. आमच्या गावी 'कटलरी' लिहिलेल्या दुकानात बांगड्या, रिबिनी, टिकल्या, फण्या सर्व मिळे. सुरी तेवढी मिळत नसे! जाता जाता हेही सांगून टाकतो की, खाण्याचे 'कटलेट' या घराण्यातले नव्हे. ते फ्रेंचांच्या 'बरगडी' या शब्दावरून आले. आणि कापणे या अर्थाच्या इंग्रजी 'कट'शीही कटलसचे जन्माचे नाते नाही. नाव सारखे म्हणून नाते जोडू नये, हा धडा लग्नाच्या बाजारात लागू पडतो तसाच व्युत्पत्तीतही.

तरी लोक नाते जोडतातच. इंग्रज सामान्यजनांना 'कुतला' हा शब्द परका. त्यांनी त्यात ओळखीचे काही शोधले. 'ला'च्या ठिकाणी त्यांना 'ॲक्स', म्हणजे कुऱ्हाड, ऐकू आली आणि त्यांनी शब्द बनविला 'कर्टल-ॲक्स'. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' नाटकात रोझलिंड पुरुषवेष घ्यायचे ठरविते, तेव्हा कमरेला हेच हत्यार लावण्याची गोष्ट बोलते. वस्तुतः तेथे कुऱ्हाडीचा काहीएक संबंध नाही. पण अशिक्षितांची ही चूक म्हणून हसण्याआधी आपणच थोडे थांबावे. फिजीला आणि नाताळला गेलेल्या आपल्या मजुरांनी 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' केले. सुताराच्या हातातले भोक पाडणारे गिरमिट मराठी माणसास ठाऊक आहे. पाच वर्षांचा करार कागदावर अंगठा उठवून माणसाला कसा भोसकीत जातो हे ज्याने पाहिले, त्याला या दोन शब्दांचे सारखेपण केवळ योगायोग वाटत नाही. शास्त्राच्या दृष्टीने तो योगायोगच आहे, हे आम्ही मान्य करतो.

आता शेतातली सुरी जहाजावर का चढली? त्याचे कारण जागेत आहे. शिडाच्या जहाजांची लढाई पुष्कळदा शेवटी दोन जहाजे अंगाला अंग लावून होई. एका जहाजावरून दुसऱ्यावर उड्या टाकायच्या, आणि तेथे दोर, शिडे, तोफा, पिंपे यांच्या गर्दीत समोरच्याशी भिडायचे. लांब तलवार तेथे वरच्या दोरात अडकते. घोडेस्वाराची वाकडी तलवार फिरविण्यास मोकळे रान लागते. आखूड, जड, रुंद पाते मात्र हातभर जागेतही काम करते. वेळ पडल्यास दोर तोडते, जाळी फाडते. दुसरे कारण शिकवणीचे. तलवारबाजी शिकायला वर्षे जातात आणि शिक्षकाला पैसे मोजावे लागतात. कुऱ्हाड व कोयता चालविणाऱ्या हाताला कटलस शिकवावी लागत नाही. ज्या माणसाने जन्मभर कापले, तोडले, सोलले, त्याच्या हातात ती ओळखीची वाटते. इंग्लंडच्या आरमारात १८०४ साली ठरविलेला नमुना पाहा : सुमारे २९ इंचांचे सरळ पाते, दोन गोल तबकड्या जोडल्यासारखा लोखंडी पत्रा, मूठही लोखंडाची आणि गंज चढू नये म्हणून काळा रंग फासलेली. नक्षी नाही, मुलामा नाही. शस्त्र कमी, अवजार जास्त.

ही तलवार कोणाची होती, या प्रश्नाशी येऊन आम्ही खरे थांबलो. खलाशाची तलवार असे आपण म्हणतो. पण ती खलाशाची नव्हती. अधिकाऱ्याची तलवार अधिकाऱ्याची असे. तो ती स्वतःच्या पैशाने करवून घेई, तिच्यावर नाव कोरी, मुलाला वारसा म्हणून देई. कटलस होती जहाजाची. ती पेटीत किंवा भिंतीवरच्या घोडीत ओळीने लावलेली असे. लढाईच्या वेळी वाटायची, लढाई संपली की मोजून परत घ्यायची. जुन्या कटलसींवर पुष्कळदा क्रमांक आढळतो; तो ती ठेवण्याच्या जागेचा. ती चालविणाऱ्या माणसाचे नाव तिच्यावर नसते. ज्याने आयुष्यात एकदा तरी कारखान्याच्या भांडारातून पत्र्याचा बिल्ला देऊन अवजार घेतले असेल आणि सुट्टीच्या भोंग्याला ते परत केले असेल, त्याला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन तलवारींतला हा फरक एका प्रसंगात उघडा पडतो. १४ फेब्रुवारी १७९७ रोजी सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळ इंग्रज आणि स्पॅनिश आरमारांची लढाई झाली. नेल्सन आपल्या माणसांसह एका स्पॅनिश जहाजावर चढला आणि त्यावरून पुढे 'सान होसे' या दुसऱ्या जहाजावर गेला. तेथे शरण आलेल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांनी एकामागून एक आपल्या तलवारी त्याला दिल्या. नेल्सन त्या घेऊन मागे उभ्या असलेल्या आपल्या एका नाविकाच्या हाती देत गेला. विल्यम फर्नी हे त्याचे नाव. त्याने त्या तलवारी, सरपणाची मोळी काखेत मारावी तशा, शांतपणे काखेत मारल्या. नेल्सनने स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे, म्हणून त्या नाविकाचे नाव आपणांपर्यंत पोहोचले. त्या दिवशी एवढ्या तलवारींना मान मिळाला, एवढ्यांची देवघेव झाली. ज्यांच्या बळावर ते जहाज जिंकले, त्या खलाशांच्या कटलसी मात्र जहाजाच्याच होत्या. त्या पुन्हा आपल्या जागी जायच्या.

पुढे १८०३ साली लंडनच्या लॉइड्समधील व्यापाऱ्यांनी देशभक्तीचा एक निधी काढला आणि पराक्रमी अधिकाऱ्यांना मानाच्या तलवारी देण्यास आरंभ केला. त्या तीन प्रतींच्या होत्या : १०० पौंडांची, ५० पौंडांची आणि ३० पौंडांची, जसा हुद्दा तशी तलवार. त्या वेळी कसलेल्या खलाशाला अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला साडेएकोणतीस शिलिंग मिळत. आपण हिशेब करून पाहा. १०० पौंडांची एक तलवार म्हणजे त्याचा पाच वर्षांहून अधिक काळाचा पगार. आम्ही शौर्याला कमी लेखीत नाही. ज्या कप्तानांना त्या मिळाल्या त्यांनी रक्त सांडले होते, हे खरे आहे. पण रक्त मोजण्याच्या मापातही प्रती असतात, हे त्या तलवारी सांगतात.

शस्त्रांची पेटी कुलूपबंद का असे, हेही पाहण्यासारखे आहे. शत्रूच्या भीतीने पेटी बंद करण्याचे कारण नाही. शत्रूसाठी ती तत्काळ उघडता आली पाहिजे. कुलूप होते ते आपल्याच माणसांसाठी. १७८९ साली 'बाउंटी' या इंग्रज जहाजावर जे बंड झाले, त्याचा आरंभ किल्लीपासूनच आहे. फ्लेचर ख्रिश्चन या दुय्यम अधिकाऱ्याने शार्क मासा मारायला बंदूक हवी अशी थाप मारून शस्त्रपेटीची किल्ली मिळविली. २८ एप्रिलच्या पहाटे त्याने कप्तान ब्लाय याला बिछान्यातून उठवून त्याचे हात बांधविले. ब्लायने पुढे लिहिले आहे की, त्या वेळी बाकीच्यांजवळ बंदुका व संगिनी होत्या, ख्रिश्चनच्या हाती तेवढी कटलस होती. जहाजाच्या मालकीची तलवार जहाजाच्या धन्यावरच उगारलेली, असे ते दृश्य. त्या बंडातून कोणाचेही भले झाले नाही. ब्लाय उघड्या होडीतून हजारो मैल जाऊन वाचला. बंडखोरांपैकी काही फासावर गेले, काही पिटकेर्न बेटावर आपसांत लढून मेले. पेटी उघडली म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही.

आणि आता तो दुसरा शब्द. सेंट व्हिन्सेंटच्या विजयाला दोन महिने होतात न होतात तोच, १६ एप्रिल १७९७ रोजी, पोर्टस्मथजवळ स्पिटहेड येथे नांगरलेल्या इंग्रज आरमाराच्या खलाशांनी जहाजे हलविण्याचे नाकारले. कारणे साधी होती. पगाराचा दर सतराव्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे जवळजवळ १४० वर्षे, वाढलेला नव्हता. शिधा मोजताना सोळा औंसांचा पौंड जहाजावर चौदा औंसांचा होई. उरलेले दोन औंस भांडारवाल्याचे. भाजीपाला नाही. लढाईत जखमी झाल्यास पगार बंद. त्यांनी काय केले? प्रत्येक जहाजातून दोन-दोन प्रतिनिधी निवडले. अर्ज लिहिले. नकोशा अधिकाऱ्यांना किनाऱ्यावर उतरविले. जहाजावरची शिस्त स्वतः सांभाळली, आणि जाहीर केले की शत्रूचे आरमार बाहेर पडले तर आम्ही लढायला निघू. एरवी नांगर उचलणार नाही. महिनाभराने पार्लमेंटने पगारवाढ मंजूर केली आणि राजाचा माफीनामा आला. कसलेल्या खलाशाचे २४ शिलिंगांचे साडेएकोणतीस झाले ते तेव्हाच. त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या मुखाशी नोर येथे दुसरा उठाव झाला. त्याच्या मागण्या वाढल्या, लोकांत फूट पडली, आणि त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर ३० जूनला फासावर चढविला गेला. दोन्ही ठिकाणी माणसे तीच, हत्यारे तीच. स्पिटहेडला जे साधले ते एकजुटीने आणि मर्यादा ओळखून केलेल्या नकाराने साधले. संघटनेच्या कामात तीस वर्षे घालविल्यावर आम्हांस या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात.

काम थांबविण्यास इंग्रज 'स्ट्राइक' म्हणतो. तो शब्द त्याला खलाशांनी दिला. जहाजाच्या भाषेत 'स्ट्राइक' म्हणजे शीड किंवा निशाण खाली उतरविणे. १७६८ साली थेम्स नदीवरच्या खलाशांनी मजुरीवाढ मागितली, ती मिळेना, तेव्हा त्यांनी जहाजांची शिडे उतरविली. शीड उतरलेले जहाज जागचे हलत नाही. तेव्हापासून हातमागावर, खाणीत, गिरणीत, कोठेही मजुराने काम थांबविले की त्याने 'शीड उतरविले' असे इंग्रज म्हणू लागला; आणि पुढे त्या शब्दातले शीड विसरले जाऊन केवळ संप उरला. आपला 'संप'ही विचार करण्यासारखा आहे. गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा. इंग्रजाने नाव दिले उतरविण्याच्या कृतीला; आपल्या शब्दात एकत्र येण्याची आठवण आहे.

खलाशाच्या आयुष्यातले हे दोन शब्द आम्ही समोरासमोर ठेवतो. 'कटलस' त्याच्या हाती वरून दिली गेली आणि मोजून परत घेतली गेली. 'स्ट्राइक' त्याचा स्वतःचा. तो कोणाला कुलपात ठेवता आला नाही. आमच्या मुंबई बंदरानेही हे पाहिले आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी रॉयल इंडियन नेव्हीच्या हिंदी नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक यांविरुद्ध काम बंद केले. ज्या संदेशवहन शाळेत त्याचा आरंभ झाला, तिचे नाव होते 'तलवार'. त्यांनी आपल्या मंडळास नाव दिले ते मध्यवर्ती संप समिती असे. २२ तारखेला मुंबईचा गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला आणि गोळ्यांना सामोरा गेला. नाविकांनी दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली. पण इंग्रजी राज्याच्या हातातली तलवार त्या आठवड्यात ढिली झाली ती पुन्हा घट्ट बसली नाही.

कटलसीचे पुढे काय झाले? वाफेची जहाजे आली, तोफांचा पल्ला मैलांवर गेला, आणि शत्रूच्या डेकवर उडी टाकण्याचे दिवस संपले. इंग्लंडच्या आरमाराने १९३६ साली शत्रूच्या जहाजावर चढण्याचे शस्त्र म्हणून तिला रजा दिली. अमेरिकेच्या आरमारातून ती १९४९ साली गेली. शस्त्रांच्या इतिहासाची पुस्तके येथे प्रकरण संपवितात. पण शब्द जिवंत होता. तो जहाजावरून उतरून पुन्हा शेतात गेला होता.

कॅरिबियन समुद्राकाठच्या इंग्रजी वसाहतींत ऊस तोडण्याच्या लांब पात्याला 'कटलस' म्हणतात. त्रिनिदादमध्ये म्हणतात, गयानात म्हणतात, आणि समुद्रापलीकडे पश्चिम आफ्रिकेतील घानासारख्या देशांतही शेतकऱ्याच्या हातातल्या अशा पात्याला हेच नाव आहे. उसाच्या मळ्यात ती आधी आफ्रिकन गुलामांच्या हातात होती. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, चार वर्षांची सक्तीची उमेदवारी १८३८ मध्ये संपली, आणि मळेवाल्यांनी दुसरे हात शोधले. त्याच १८३८ साली हिंदुस्थानातून करारबद्ध मजुरांची पहिली जहाजे ब्रिटिश गियानात, म्हणजे आजच्या गयानात, पोहोचली. १८४५ साली त्रिनिदादला. ही माणसे बहुतेक गंगेच्या खोऱ्यातली, काही मद्रास प्रांतातली. मराठी माणूस याच वाटेने गेला तो मॉरिशसला, मुंबई बंदरातून; तेथे त्याचे वंशज आजही आहेत. नवीन करार करून मजूर नेणे १९१७ साली थांबले. पण हातातली कटलस सुटली नाही.

१९४८ साली गयानाच्या पूर्व किनाऱ्यावरील ऊसमळ्यांत संप झाला. त्याचे कारण ऐकून आपल्याकडचा कोणताही ऊसतोड मजूर मान हलवील. पूर्वी तोडणाऱ्याने ऊस तोडून टाकायचा, एवढेच काम असे. मळेवाल्यांनी नवी पद्धत आणली : तोडायचा आणि कालव्यातल्या होडीत स्वतःच भरायचाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ओल्या, निसरड्या बांधावरून चालणे काय असते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. २२ एप्रिलला मजुरांनी कटलस खाली ठेवली. आपली संघटना मालकांनी मान्य करावी, हीही त्यांची मागणी होती. १६ जून १९४८ रोजी एन्मोर येथील कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच मजूर मेले. लल्लाबगी, पूरन, रामबरन, दुखी आणि हॅरी ही त्यांची नावे. गयानात १६ जून हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळतात. त्यांच्या दफनाच्या वेळी उभे असलेले छेदी जगन पुढे देशाचे अध्यक्ष झाले. आपण आयुष्य याच लढ्याला वाहिले ते त्या दिवशी, असे ते सांगत.

येथवर आलो आणि आम्हांस या शब्दाने पिच्छा का पुरविला ते सांगण्याची वेळ झाली. पुष्कळ वर्षांपूर्वी हंगामाच्या आरंभी एका साखर कारखान्यावर गेलो होतो. मुकादमांना दिलेल्या उचलीची वही पाहावयाची होती. एका पानावर टोळीच्या नावापुढे लिहिले होते : 'कोयते २०'. आम्ही शहरातले, गिरणगावातले. आम्हांस वाटले, ही अवजारांची यादी. शेजारी बसलेल्या मुकादमास विचारले, "आणि माणसे किती?" तो हसला. म्हणाला, "साहेब, हीच माणसं. एक कोयता म्हंजी नवरा-बायको. एकटा असला तर अर्धा कोयता." वीस कोयते म्हणजे चाळीस माणसे. वहीत एकाचेही नाव नव्हते.

आपल्यापैकी ज्यांचा खेड्याशी संबंध आहे त्यांना यात नवे काही नाही. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. बाई पहाटेपासून पुरुषाच्या बरोबरीने राबते, तोडलेला ऊस गोळा करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पण वहीत ती अर्ध्या हत्याराएवढी. 'कोयता' हा शब्दही मूळचा सीमेपलीकडचा दिसतो. कानडीत 'कोय्यु' म्हणजे कापणे, पीक कापणे. कापण्याच्या कामावरून हत्याराला नाव मिळाले, आणि हत्यारावरून माणसाला.

कटलसीवर निदान क्रमांक तरी तलवारीचा होता. येथे माणसालाच हत्याराचे नाव दिले आहे. आम्ही त्या रात्री आमचा अर्धा कोश उघडून 'सी' अक्षर काढले, ते याच कारणाने. हत्यार, नाव आणि मालकी यांचे काय नाते आहे ते आम्हांस पाहावयाचे होते. रोमच्या नांगरापासून नेल्सनच्या जहाजावर आणि तेथून एन्मोरच्या मळ्यापर्यंत शब्द फिरला. पाते पुष्कळ बदलले, धनी अनेक झाले. ज्या हाताने ते चालविले तो हात मात्र बहुतेक काळ एकाच जातीचा राहिला : कष्टकऱ्याचा; आणि त्या हाताची नोंद ठेवण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

शब्द मात्र अखेर वापरणाऱ्याचे होतात. आपल्या ऊसतोड मजुरांनी दरवाढीसाठी काम थांबविले की त्याला ते काय म्हणतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. ते 'संप' क्वचितच म्हणतात. ते म्हणतात 'कोयता बंद'. ज्या शब्दाने वहीत त्यांचे नाव पुसले, त्याच शब्दाने त्यांनी आपल्या नकाराला नाव दिले. थेम्सवरच्या खलाशाने शीड उतरविले आणि जगाला एक शब्द दिला. गोदेकाठच्या मजुराने कोयता खाली ठेवला आणि मराठीला एक दिला. अशा एका 'कोयता बंद'नंतर पुन्हा हंगाम सुरू झाला, तेव्हा आमच्या संघटनेने एक लहानसे काम केले. टोळीची आमची स्वतःची वही घातली आणि तिच्यात प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावे लिहिली. नवऱ्याचे आणि बायकोचे, निरनिराळ्या ओळींवर. पहिल्या दिवशी एक बाई आपले नाव लिहिलेले पाहून बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभी होती. तिला वाचता येत नव्हते. "ह्ये माजं?" एवढेच तिने विचारले. आम्ही होय म्हटले.

ती वही आमच्याजवळ आहे. आमच्या अर्ध्या कोशाशेजारी ती आम्ही ठेवली आहे.